खाऱ्या पाण्याचं विरजण

डुबुक.

दुपारचे अडीच वाजलेले. सुवर्णाबाई मासळीबाजारातून येऊन, जेवून, माजघरात लवंडलेल्या. पंखा तेवढा आपल्या गतीनं फिरत होता. अशा पेंगुळलेल्या घरात तो आवाज आला आणि मनस्वीनं भाजी निवडता निवडता मान वर केली. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल एवढंच, की आवाज आला होता पडवीतल्या काचेच्या टाकीतून, आणि त्या टाकीत अजून एकही मासा नव्हता.

टाकीपाशी पाच वर्षांची पर्णिका उभी होती. हात पाठीमागे.

"काय टाकलंस गं?"

"काही नाही."

"हात दाखव बघू."

हात ओले होते, पण रिकामे. कोळंबीचा वास येत होता खरा, पण या घरात कुणाच्या हाताला तो येत नव्हता? आजी मासळी विकायची, नात तिच्या टोपलीशी खेळायची. मनस्वीनं टाकीत डोकावून पाहिलं. तळाला वाळू, त्यावर बोटाच्या पेराएवढ्या चिनीमातीच्या सच्छिद्र नळ्यांचा ढीग, कोपऱ्यात पंप. बुडबुडा फुटला असेल, असं म्हणून ती परत भाजीकडे वळली.

ती टाकी घरात येऊन दोनच दिवस झाले होते. मालवणच्या दक्षिणेला असलेल्या खारवाडीत तशा एकोणचाळीस टाक्या आल्या होत्या, आणि त्याला कारणही तसंच होतं. गेली सात-आठ वर्षं समुद्र फाल्गुनातच तापायला लागला होता. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तर न्हाणीघरात उभं राहिल्यासारखं वाटे. किनाऱ्याजवळची प्रवाळं दर उन्हाळ्यात पांढरीफटक पडत. पावसाळ्यानंतर ती पुन्हा जीव धरायला बघत, तर त्यांच्यावर शेवाळ चढून बसे, कारण ते शेवाळ चोचीनं खरवडून खाणारे पोपटमासे उष्म्यानं मरून गेले होते. म्हणून 'सागरपाळणा' योजना निघाली. प्रयोगशाळेत पोपटमाशांची पिल्लं तयार करायची, उन्हाळाभर किनाऱ्यावरच्या घराघरांत थंड खाऱ्या पाण्यात सांभाळायची आणि पावसाळा सरत आला की समुद्रात सोडायची. प्रत्येक घरात दहा पिल्लं. समुद्राचं माहेरपण म्हणा ना.

मनस्वीनं स्वतःच्या नावानं अर्ज भरला होता. रत्नागिरीच्या कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली होती. पुढं लग्न झालं, पर्णिका झाली, दवाखान्याच्या लॅबमधली नोकरी सुटली. नवरा निनाद समुद्रातल्या पवनचक्क्यांवर वीस-वीस दिवस कामाला असायचा. पदवीचं प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या घडीखाली होतं. अर्जावर 'शिक्षण' या रकान्यापुढं तिनं पदवीचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहिलं होतं, इतक्या वर्षांनी तिला कुणीतरी ते विचारलं होतं.

"मासो ताटात बरो दिसता," सुवर्णाबाईंनी टाकी आत आणताना टोला हाणलाच होता. "काचेत घालून बघूक तो काय लग्नातलो फोटो आसा?"

मासे आणायच्या आधी टाकी 'चालती' करावी लागते. मासा पाण्यातच श्वास घेतो, पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो. थोडासाही साठला तरी माशाचे कल्ले भाजून निघतात. समुद्रात हे विष टिकत नाही, कारण तिथं जीवाणूंची एक जात अमोनिया खाते. पण खाऊन ती जे टाकते, ते नायट्राइट, तेही विषच. ते खाणारी दुसरी जात असते. तिच्याकडून निघतं ते नायट्रेट, आणि ते मासे बऱ्यापैकी सोसतात. नव्या टाकीत यांतली एकही जात वस्तीला नसते. नुसतं खारं पाणी भरून त्यात मासे सोडले, तर ते स्वतःच्याच घाणीनं मरतात. दोन्ही जातींची वस्ती आपोआप बसायला महिना-सव्वा महिना जातो.

एवढा वेळ कुणाकडे होता? म्हणून शास्त्रज्ञांनी एकच जीवाणू असा घडवला, की दोन्ही कामं तोच करील, आणि तेही दोन दिवसांत. त्याचं नाव 'शीघ्र'. घरटी एक बाटली. पाण्यात ओतायची, तिसऱ्या दिवशी मासे आणायला जायचं. अट एकच, ओतताना पाणी अगदी कोरं हवं. आधीच अमोनिया साठलेला असेल तर 'शीघ्र' तग धरत नसे.

मनस्वीनं दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली ओतली. पाणी कोरंच असणार असं धरून चालली, तपासलं नाही. लॅबमध्ये काम केलेली बाई, पण तपासलं नाही. तिसऱ्या दिवशी पडवीत असा काही दर्प सुटला, की सुवर्णाबाईंनी टोपल्या पुन्हा धुतल्या. मग मनस्वीनं काचनळीत पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते गडद हिरवं झालं.

पंपाच्या मागं, जाळीत अडकून, फुगून पांढरी पडलेली एक कोळंबी निघाली.

"पर्णू!"

पर्णिकेचा चेहरा रडवेला झाला. "मासे येतील तेव्हा त्यांना भूक लागेल ना? लांबून येणार ते."

यावर ओरडायचं तरी कसं? मनस्वी टाकीपाशी फतकल मारून बसली आणि स्वतःच रडली.

"रडतंस कित्याक?" सुवर्णाबाई म्हणाल्या. "ता पोर. तेका काय कळता?"

"तिच्यामुळं नाही हो रडत, आई. मी तपासलं का नाही, म्हणून रडतेय."

योजनेच्या डिसोझा मॅडम दोन दिवसांनी येऊन गेल्या. बाई सरळ होती. "दुसरी बाटली नाही मिळायची, मोजून आल्यात. पण पिल्लांची एक शेवटची तुकडी मार्चच्या तेरा तारखेला येतेय. तोवर जुन्या पद्धतीनं टाकी चालती करता आली तर बघा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दाखवलंत, तर दहा पिल्लं तुमची. नाहीतर टाकी परत न्यावी लागेल."

"जुन्या पद्धतीनं म्हणजे वाट बघून?"

"वाट बघून. हल्ली कुणी बघत नाही," मॅडम हसल्या.

मॅडम गेल्यावर मनस्वी विचार करत बसली. वाट बघायची हे ठीक, पण वस्तीला येणारे जीवाणू आणायचे कुठून? संध्याकाळी सुवर्णाबाई दूध कोमट करून त्यात चमचाभर दही कालवत होत्या. मनस्वी बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "आई, टाकीला विरजण हवंय."

"काय?"

"तुम्ही दुधात दही घालता म्हणजे काय करता? दह्यातले जंतू दुधात सोडता. रात्रभरात ते सगळ्या दुधात होतात. माझ्या पाण्यालाही तसंच विरजण लागणार. समुद्राचं, जिवंत."

सुवर्णाबाईंनी चमचा थांबवला. सात वर्षांत सुनेचं शिक्षण त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं. "असा सांग मगे," त्या म्हणाल्या. "नायट्रा आणि फायट्रा काय सांगत बसतंस?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्या स्वतः खाडीत उतरल्या आणि कालवांच्या खडकाखालची मूठभर काळी, ओली वाळू करवंटीत घेऊन आल्या. वरून ओला फडका झाकलेला. "ऊन लागाक देऊ नुको. विरजणाक ऊन लागला तर ता मरता." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते तंतोतंत बरोबर होतं.

मग सुरू झाले ते दिवस. मनस्वीनं आधीचं सगळं पाणी काढून टाकी स्वच्छ केली, नवं भरलं, वाळू जाळीच्या पुरचुंडीत बांधून नळ्यांच्या मधोमध ठेवली. जीवाणूंना खायला अमोनिया हवा, म्हणून या वेळी कोळंबी मोजूनमापून घातली, आणि ती घालायचा मान पर्णिकेला दिला. रोज पर्णिका शाळेतून आली की मायलेकी काचनळीत थेंब टाकायच्या.

"हिरवं!"

"उद्या बघू."

"हिरवंच!"

समोरच्या वर्षावहिनींच्या टाकीत दहा पिल्लं नाचत होती. त्या पडवीत उभ्या राहून हाक मारायच्या, "काय मनस्वी, पाणी काय म्हणतंय? जेवलं का?" गल्लीत तिचं नावच पडलं, पाणी पाळणारी. निनादचा फोन आला तेव्हा तोही म्हणाला, "सोडून दे ना. घरात वास, डोक्याला ताप. पुढच्या वर्षी बाटली घेऊ." ती म्हणाली, "तुझ्या पवनचक्कीला वारा नसला तर तू काय करतोस?" "बसून राहतो." "मग मीपण बसते."

सोळाव्या दिवशी हिरवा रंग फिकट झाला, आणि नायट्राइटच्या दुसऱ्या काचनळीत, जी निळी राहायला हवी, जांभळा उगवला. म्हणजे पहिली जात वसली, आता तिनं टाकलेलं विष साठत होतं. पर्णिकेनं अंगणभर ओरडून सांगितलं, "आमचं पाणी जांभळं झालं!" आणि वर्षावहिनींना हसू आवरेना. काचेवर तपकिरी थर चढला. शिमग्याच्या साफसफाईत सुवर्णाबाई काथ्या घेऊन तो घासायला निघाल्या होत्या, मनस्वीनं त्यांचा हातच धरला. "लागलेलं दही तुम्ही ढवळता का?" त्यांनी मुकाट्यानं काथ्या खाली ठेवला.

जांभळा रंग हटता हटेना. तीस, बत्तीस, पस्तीस दिवस. मग छत्तिसाव्या दिवशी तो जरासा विरला, आणि मार्चच्या बारा तारखेला पर्णिकेनं दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. एक स्वच्छ पिवळी. दुसरी आभाळासारखी निळी.

"आई, ह्याच्यात काहीच नाही झालं."

"काहीच नाही झालं," मनस्वी म्हणाली, आणि तिनं लेकीला उचलून पडवीभर गरगर फिरवलं.

उद्या मॅडम येणार होत्या. उद्या दहा पिल्लं येणार होती.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरता उतरता, वर्षावहिनी धावत आल्या. पदर खांद्यावरून सुटलेला. "मनस्वी, जरा चल गं. पिल्लं वर येऊन तोंड उघडतायत."

मनस्वी आपल्या काचनळ्या घेऊनच गेली. थेंब टाकले. हिरवं. इतकं हिरवं तिनं कोळंबीच्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. शेजारच्या घरी गेली, हिरवं. त्याच्या पलीकडे, हिरवं. तासाभरात अख्ख्या वाडीतून बोलावणी आली.

डिसोझा मॅडमचा फोन लागला तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. "सगळ्या किनाऱ्यावर हेच आहे. जीवाणूंनाही रोग होतात, त्यांचेही विषाणू असतात. 'शीघ्र'चे सगळे जीवाणू एकाच मुळापासून वाढवलेले, हुबेहूब सारखे. विषाणूला एक जमला की सगळेच जमले. टाक्यांमध्ये योजनेच्या ज्या नळाचं खारं पाणी भरतात, त्यातून तो घरोघर पोचलाय."

"दुसऱ्या बाटल्या?"

"त्यातही तोच जीवाणू. मनस्वी, ही पिल्लं गेली तर परत तयार करायला चार वर्षं जातील. तोवर प्रवाळं राहतील का, सांगता येत नाही."

मनस्वीनं फोन ठेवला आणि आपल्या टाकीकडे पाहिलं. पिवळी नळी, निळी नळी. तिच्या टाकीतही त्याच नळाचं पाणी होतं, तिथंही तो विषाणू असणारच. पण खाडीच्या मूठभर वाळूतून शंभर तऱ्हेचे जीव आले होते, कुणी थोराड, कुणी सुस्त, कुणी चिवट. त्या विषाणूच्या ओळखीचं तिथं कुणीच नव्हतं.

चिनीमातीच्या नळ्यांच्या सच्छिद्र अंगात ते सगळे बसलेले होते. नळ्या वाटल्या तर अडतीस घरांना विरजण मिळेल. पण मग उद्या मॅडमना दाखवायला तिच्या टाकीत काय उरणार? चाळीस दिवस बसून उबवलेली टाकी ती एका संध्याकाळी रिकामी करायला निघाली होती.

क्षणभरच थांबली ती. मग बाह्या सारून तिनं हात पाण्यात घातला.

"थांब," सुवर्णाबाई म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. हातात तुळशीपुढं लावायची पणती, वात भिजवलेली. "दिवेलागणीक विरजण देऊचा नसता. माझ्या सासवेन माका सांगल्यान. चाळीस वर्सां मी कोणाक देवक नाय. सख्ख्या भैणीक सुद्धा परत धाडलंय."

"आई, हे दह्याचं थोडंच आहे?"

"तूच सांगलंस ना विरजण म्हणान? मगे?"

सासू चेष्टा करत नव्हती. त्यांचा चेहरा ओढलेला होता. दिवा लावल्यावर घरातलं विरजण बाहेर गेलं की घराची बरकत जाते, हे त्यांनी जन्मभर मानलं होतं, आणि रस्त्यावर वर्षावहिनी हातात वाटी घेऊन उभ्या होत्या. खरोखरच वाटी, झाकायला बशी. विरजण मागायला येतात तशा.

सुवर्णाबाई वाटीकडे बघत राहिल्या. मग पणतीकडे. मग त्यांनी पणती उंबऱ्यावर ठेवून दिली, न लावता.

"दिवो लावल्यार दिवेलागण," त्या म्हणाल्या. "आज शेवटच्या घराक विरजण जाईपर्यंत दिवोच लावचो नाय. पर्णू, इजेचो दिवो पण बंद कर गो. आणि गल्लीत सांगून ये."

पर्णिका धावली. एकेक घरातला दिवा विझत गेला. खारवाडीला संध्याकाळचं असं अंधारलेलं कुणी पाहिलं नव्हतं. फक्त पडव्यांमधल्या टाक्यांचा निळसर उजेड उरला, आणि त्या उजेडात वाट्या, बरण्या, तांबे घेऊन माणसं मनस्वीच्या अंगणात रांगेनं उभी राहिली.

नळ्या मोजायचं काम पर्णिकेकडे होतं. तिला वीसपर्यंतच मोजता येत होतं, म्हणून प्रत्येकाला वीस. मनस्वी खारं पाणी घालून वाटी भरायची आणि सांगायची, "निम्मं पाणी बदला. नळाचं नको, समुद्राचं आणून थंड करून घाला. तीन दिवस पिल्लांना खायला देऊ नका."

"तीन दिवस उपाशी?"

"खाल्लं नाही तर घाण नाही, घाण नाही तर विष नाही. विरजणाला लागायला वेळ द्या."

"कडक उपास धरूक लावतंस माशांका," रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि त्या अंधारात माणसं हसली.

वर्षावहिनी पहिल्या आल्या होत्या, पण मागं मागं सरत शेवटच्या राहिल्या. सुवर्णाबाईंनी त्यांना सोडलं नाही. "पाणी पाळणाऱ्याकडे इलंस गो?"

"चुकलं हो, काकी."

"बरा. आता तूय पाळ."

पावणेआठला सगळ्यांत शेवटची वाटी समोरच्या घरात गेली. मग सुवर्णाबाईंनी तुळशीपुढं पणती लावली, आणि तिच्यामागोमाग गल्लीभर एकेक दिवा उजळत गेला.

चौथ्या दिवशी अडतिसांपैकी चौतीस टाक्यांमध्ये हिरवा रंग ओसरू लागला होता. काही पिल्लं गेली. वर्षावहिनींची दोन गेली, त्यांनी ती अंगणातल्या अबोलीखाली पुरली आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण तीनशे ऐंशींपैकी तीनशे एकेचाळीस जगली. तोवर दुसऱ्या गावांची माणसं बरण्या घेऊन यायला लागली होती, आणि खारवाडीतलं प्रत्येक घर आपल्या विसांतल्या दोन-दोन नळ्या पुढं देत होतं. नंतर डिसोझा मॅडमनी सगळ्या किनाऱ्याला कळवलं, की ज्यानं त्यानं आपापल्या खाडीची वाळू घ्यावी, एकसारखी बाटली आता नको. कसं करायचं ते शिकवायला त्यांनी मनस्वीला बरोबर घेतलं. नेमणुकीच्या कागदावर तिच्या नावाखाली तिची पदवी छापलेली होती. सुवर्णाबाईंनी तो कागद बाजारात चार जणींना दाखवला आणि पाचवीला वाचून दाखवायला लावला.

मनस्वीच्या टाकीत चाळीसेक नळ्या उरल्या होत्या. वाटपाच्या दुसऱ्या दिवशी, तेरा तारखेला, मॅडमनी टाकी पाहिली, वहीत काहीही न लिहिता ती मिटली आणि म्हणाल्या, "तुमची दहा मी माझ्याकडे ठेवते. सावकाश."

"विरजण घराबाहेर गेला तरी भांड्याच्या कडेक रवता," सुवर्णाबाई म्हणाल्या आणि टोपलीतली मोठ्यातली मोठी कोळंबी निवडून आणली. "आता मी घालतंय." डुबुक.

अठरा दिवसांनी मनस्वीच्या पडवीत दहा पिल्लं आली.

नारळी पौर्णिमेला खारवाडीच्या होड्या निघाल्या, त्या वेळी नारळाबरोबर घागरीही होत्या. बाहेर पाणी निवलं होतं. खडकाळ बेटाजवळ, जिथं प्रवाळांना पुन्हा तपकिरी रंग चढत होता, तिथं होड्या थांबल्या. निनाद सुट्टी काढून आला होता, त्यानं घागर धरली. पर्णिकेनं ती कलती केली. हातभर पाण्यात दहा हिरवी-निळी अंगं चमकली, क्षणभर होडीभोवती घुटमळली आणि एकदम खाली सुटली. मग दुसरी घागर, तिसरी, विसावी. पाणी एवढं शांत होतं, की कान देऊन ऐकलं तर चोचींचा कुरकुर आवाज येतोय असं वाटत होतं. वर्षावहिनी रडत होत्या आणि हसत होत्या. सुवर्णाबाईंनी समुद्राला नारळ दिला, मग कमरेची करवंटी काढली. तीत टाकीतल्या त्या पुरचुंडीची वाळू होती. तीही त्यांनी पाण्यात सोडली.

"ज्याचा तेका," त्या म्हणाल्या.

पर्णिका होडीच्या काठावर हनुवटी टेकून वाळू खाली जाताना बघत होती. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

"आई, वर्षाकाकीला विरजण आपण दिलं ना?"

"हो."

"आणि आपल्याला खाडीनं दिलं?"

"खाडीनं."

"खाडीला?"

"खाडीला समुद्रानं दिलं असणार. भरतीचं पाणी आत येतं ना, त्याच्याबरोबर."

मनस्वी खूष होती. आज तिला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत होती. पर्णिकेनं मान वळवून समोर पाहिलं. पाणी, पाणी आणि त्यापलीकडे पाणीच.

"मग आई, समुद्र नवीन होता, तेव्हा त्याला विरजण कुणी दिलं?"